केळीच्या पट्ट्यातलं नारळाचं झाड

जुलैचा दुसरा आठवडा. नववी ब, चित्रकलेचा जोडतास. फळ्यावर विषय लिहिला, 'शेतात काम करणारी माणसं', आणि स्मरणचित्र काढायला सांगितलं. तास संपल्यावर ४१ कागद गोळा करून घरी नेले. रात्री जेवणं झाल्यावर ते चटईवर पसरले, तेव्हा दिसलं की तीसपेक्षा जास्त कागदांवर नारळाचं झाड आहे.

आमची शाळा जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधल्या काळ्या कसदार जमिनीत नजर पोचेल तिथवर केळी. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी केळीबाग आहे, उरलेल्यांपैकी बहुतेकांचे आईवडील त्या बागांत कामाला जातात. मृगबाग, कांदेबाग, नवती, पिलबाग हे केळीच्या लागवडीचे शब्द या मुलांना पाढ्यांच्या आधी येतात. कागदावर मात्र दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वळणं घेत येणारी नदी, लाल कौलांची झोपडी आणि झोपडीवर कललेलं नारळाचं झाड. झाडाखाली पागोटं घातलेला शेतकरी. आमच्या गावात नारळ दिसतो तो मंदिराबाहेरच्या दुकानात, सोललेला.

त्या कागदांपासून पुढच्या सात महिन्यांत एका वर्गात काय केलं, काय फसलं, काय जमलं, ते इथे लिहितो आहे. कलाशिक्षक म्हणून माझी एकोणीस वर्षं झाली. मुलांची आणि शाळेची नावं देत नाही.

झाड आलं कुठून

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "तुमच्यापैकी नारळाचं झाड कुणी जवळून पाहिलंय?" तीन हात वर झाले, तिघंही सुट्टीत कोकणात जाऊन आलेले. मग विचारलं, "तरी काढलंत का?" पहिल्या बाकावरची मुलगी अगदी सरळपणे म्हणाली, "सर, स्मरणचित्रात असंच काढतात ना. तुम्हीच शिकवलं."

तिचं खरं होतं. महाराष्ट्रात माध्यमिक शाळेतली चित्रकला कला संचालनालयाच्या दोन परीक्षांभोवती फिरते, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. आमच्याकडे मुलं आठवीत पहिली देतात, नववीत दुसरी. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालं की दहावीच्या निकालात श्रेणीप्रमाणे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे एरवी चित्रकलेकडे न बघणारं घरही त्या वर्षी रंगपेटी आणून देतं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर असतात. यातलं स्मरणचित्र शिक्षकाला सगळ्यात धास्ती घालणारं, कारण विषय काय येईल सांगता येत नाही. म्हणून मी, आणि माझ्यासारखे पुष्कळ जण, तीन-चार चित्रं बसवून घेतो. बाजार, शेत, बसथांबा, सण. मागचा देखावा एकच ठेवायचा, पुढची माणसं विषयाप्रमाणे बदलायची. मुलांनी नारळ माझ्या फळ्यावरून घेतला होता. मी तो माझ्या सरांच्या फळ्यावरून घेतला होता.

म्हणजे ज्या पेपरच्या नावातच 'स्मरण' आहे, तिथे आम्ही पाठांतर घेत होतो. मुलाने पाहिलेलं, त्याच्या डोळ्यांत राहिलेलं काही त्या कागदावर येत नव्हतं. मी ते येऊ देत नव्हतो, असं म्हणणं जास्त बरोबर होईल. याचा पुरावा माझ्याच कपाटात सापडला. आठवीचे जुने कागद उपसताना एका मुलाचं चित्र निघालं. हा मुलगा सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येतो. विषय होता 'सकाळ'. त्याने कागदाच्या मधोमध एक थोरलं महूचं, म्हणजे मोहाचं, झाड काढलं होतं आणि खाली पाच-सहा माणसं ओणवी, टोपल्या घेऊन. महूची फुलं रात्रीतून गळतात आणि उजाडता उजाडता वेचावी लागतात. त्याच्या घरची सकाळ तीच. चित्राखाली माझ्या लाल पेनाने लिहिलं होतं: 'मागचा देखावा नाही. रचना चुकली.' दहापैकी चार गुण.

जुलैच्या चित्रात त्या मुलाने नारळ काढला होता. माझं ऐकून तो शिकला होता.

बागेत नेऊन काय झालं

पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तोच मलाही सुचला. वर्ग उचलायचा आणि केळीच्या बागेत नेऊन बसवायचा. एका विद्यार्थ्याच्या वडिलांची बाग शाळेपासून दहा मिनिटांवर. पाऊस उघडलेला होता, चिखल होता, मुलं खूश होती. दीड तास बसलो. कागद बघितले तर केळीला सरळ तपकिरी बुंधा, त्यावर फांद्या, फांद्यांना पानं. कुणी नारळाच्याच झाडाला केळ्यांचा घड टांगला होता.

मी चिडलो. "समोर बघा ना," असं सारखं म्हणत होतो. आता वाटतं, त्या वाक्याने काहीच होत नाही. मुलं बघतच होती. पण त्यांच्या हाताला 'झाड' नावाची एक खूण पाठ होती, आणि पेन्सिल टेकवली की हात ती खूण उमटवून मोकळा व्हायचा. वर खोडरबर होताच. काढ, पूस, काढ, पूस, आणि शेवटी जे 'चांगलं दिसतं' ते ठेव.

केळ हे खरं तर झाडच नव्हे. ज्याला आपण खोड म्हणतो ती एकात एक घट्ट बसलेली पानांची सोपटं. नवं पान मधून पोंग्याच्या रूपात, सुरळीसारखं गुंडाळलेलं वर येतं आणि मग उलगडतं. वाऱ्याने ते शिरांच्या रेषेत फाटतं, म्हणून जुन्या पानाच्या झालरी होतात. हे सगळं त्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी तोंडी विचारलं तर एकामागून एक उत्तरं आली. पान कुठून निघतं? पिलं कुठे फुटतात? कमळ, म्हणजे केळफूल, कधी बाहेर पडतं? घडाच्या किती फण्या ठेवायच्या? एकाने तर करपा पडलेल्या पानावर डाग कसे लांबट होत जातात ते हवेत बोटाने काढून दाखवलं. बोट बरोबर चालत होतं. पेन्सिल हातात आली की चालत नव्हतं.

ही गोष्ट मला पुढे सगळ्यात उपयोगी पडली: ज्ञान होतं, ते कागदापर्यंत येण्याची वाट बंद होती.

चिकाची रेघ

वाट अपघाताने उघडली. बागेतून परतताना एका मुलाने पानाचा दांडा मोडला आणि चीक त्याच्या सदऱ्यावर सांडला. दुसऱ्या दिवशी तो तोच सदरा घालून आला, छातीवर तपकिरी ओघळ. केळीचा चीक कपड्यावर पडला की जात नाही, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. बागेत जायचे कपडे म्हणूनच घरोघरी वेगळे असतात. ताजा असताना तो पाण्यासारखा दिसतो, हवा लागली की काळपट तपकिरी होत जातो आणि सुताला धरून बसतो.

त्या डागाकडे बघताना मनात आलं, जो डाग जात नाही त्याची शाई का करू नये?

पुढच्या तासाला दोघा मुलांना वाट्या घेऊन बागेत पाठवलं. दांडे कापून थेंब थेंब चीक जमवला. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या ब्लेडने तासून टोकदार केल्या. प्रत्येकाच्या पुढ्यात केळीचा एकेक भाग ठेवला: कुणाला फाटकं पान, कुणाला पोंगा, कुणाला कमळ, कुणाला सोपटाचा आडवा छेद. सांगितलं एवढंच, की काडी चिकात बुडवा आणि काढा, पुसायचं काही नाही.

पहिली पाच मिनिटं वर्गात गोंधळ. "सर, दिसतच नाही!" कागदावर फक्त ओलसर रेघ, तीही वाळली की पुसट. आपण काय काढलं ते दिसत नाही म्हटल्यावर कागदाकडे बघण्यात अर्थ उरला नाही, आणि मुलांची नजर आपोआप वस्तूवर जाऊन थांबली. खोडरबर हाताशी असून कामाचा नव्हता. सुंदर आलं की नाही हे तपासायलाही सोय नव्हती. जोडतासात इतकी शांतता मी पूर्वी अनुभवली नव्हती.

कागद दोरीवर टांगून आम्ही वर्गाला कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं प्रार्थनेच्या आधीच खिडकीशी जमली होती. रेघा उमटल्या होत्या, कुठे विटकरी, कुठे जवळजवळ काळ्या. आकार वेडेवाकडे होते, पानाची एक बाजू कागदाबाहेर गेलेली, कमळ तिरकं. पण ते कमळच होतं. पाकळ्यांसारखी सालं एकावर एक कशी चढतात, कुठली उचलली गेलीय, आत फुलांची ओळ कशी बसते, हे सगळं त्या रेघेत आलं होतं. पाड्यावरच्या मुलाने सोपटाचा छेद काढला होता. त्यातली जाळी, एकेक कप्पा, त्याने मोजल्यासारखी काढली होती. मी त्याला म्हणालो, "हे फार छान आलंय रे." तो म्हणाला, "सर, आतून पोकळ आहे ते. मला माहीतच नव्हतं." रोज बागेच्या वाटेने येणारा मुलगा हे म्हणत होता.

चिकाचे तोटेही सांगतो, कुणाला वर्गात करायचं असेल तर. डोळ्याला लागू द्यायचा नाही, हात लगेच धुवायचे, जुना सदरा अंगात हवाच. पहिल्याच आठवड्यात गणवेश खराब झाल्याच्या चार तक्रारी आल्या आणि त्या रास्त होत्या, मी आधी घरी चिठ्ठी पाठवायला हवी होती. चीक साठवून ठेवता येत नाही, वाटीतच काळवंडतो. दरवेळी ताजा लागतो.

मग रंगांकडे वळलो. गेरू, चुना, काजळी, शेतातली काळी माती, हळद. पाट्यावर वाटायचं, फडक्यातून गाळायचं, आणि रात्रभर भिजवलेल्या बाभळीच्या डिंकात कालवायचं. प्रमाण हातालाच कळतं. डिंक कमी पडला तर वाळल्यावर रंग भुकटी होऊन बोटाला येतो, जास्त झाला तर चकाकतो आणि तडकतो. काळी माती फार चिवट, ती तीनदा निथळून घ्यावी लागली. हळद सुंदर दिसली, पण उन्हाच्या खिडकीत टांगलेल्या कागदावरची पंधरा दिवसांत विटली, आणि मुलांनी तिथल्या तिथे सावलीतला कागद शेजारी धरून फरक बघितला. या तासांत चित्रं कमी झाली, गप्पा जास्त. रंग बाटलीतून येतो एवढंच ज्यांना ठाऊक होतं ती मुलं घरी आजीला विचारू लागली, की भिंतीला पूर्वी काय लावायचीस.

अजिंठ्याची दुसरी सहल

आदल्या वर्षीही मी मुलांना अजिंठ्याला नेलं होतं. ती सहल फसली होती. पोरांनी धावत धावत डझनभर लेणी बघितली, प्रत्येक लेण्यात अंधार, बाहेर ऊन, आणि परतीच्या गाडीत आठवण विचारली तर माकडांची निघाली. दोष मुलांचा नव्हता. उन्हातून आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावायला काही मिनिटं लागतात, आणि आम्ही तेवढ्यातच बाहेर पडत होतो.

या वेळी ऑगस्टच्या शेवटी गेलो. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून शनिवार धरला. भुसावळ, जळगाव, पुढे फर्दापूर. तिथे गाडी ठेवून लेण्यांपर्यंतच्या बसने. वाटेत भुसावळला गाडी पाच मिनिटं थांबवली आणि मुलांना रॉबर्ट गिलची गोष्ट सांगितली. मद्रास सैन्यातला हा अधिकारी १८४४ साली अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमला गेला आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिला. त्याच्या मोठमोठ्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या, १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. पुढे मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. गिल १८७९ साली भुसावळला वारला, तिथेच त्याला पुरलं. भुसावळ म्हणजे मुलांच्या लेखी जंक्शन, मामाच्या गावाला जायची गाडी. त्या गावाला चित्रांचा असा धागा आहे हे ऐकून एक जण हळूच म्हणाला, "इतकी वर्षं काढली आन् सगळं जळालं?" मला त्या प्रश्नावर काही बोलता आलं नाही. बस सुटली.

नियम एकच ठेवला होता. दोनच लेणी, पहिलं आणि सतरावं. आत वही-पेन्सिल न्यायची नाही. आत गेल्यावर थोडा वेळ जमिनीकडे बघत उभं राहायचं, मग एकच जागा निवडायची, तेवढीच बघायची, बाहेर येऊन झाडाखाली बसून काढायची. म्हणजे खरंखुरं स्मरणचित्र.

पहिल्या लेण्यात एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं कोरलेली आहेत, चौघांना मिळून डोकं एकच. ज्या हरणाकडे बघाल त्याचंच ते डोकं वाटतं. पाच मुलांनी तीच जागा निवडली. बाहेर येऊन काढायला बसली आणि अडकली. दोन हरणं बसलेली की चारही? मान कुठून वळते? खालच्या दोघांचे पाय कुठे गेले? वाद इतका वाढला की त्यांनी मला पुन्हा आत न्यायला लावलं. गर्दी कमी होती, जाता आलं. या दुसऱ्या खेपेला ती मुलं जशी बघत होती तसं बघताना मी वर्गात कुणाला पाहिलं नव्हतं. पहिल्यांदा ती नवल बघायला गेली होती. आता डोक्यात भोक होतं आणि ते बुजवायला गेली होती. एका मुलीने पद्मपाणीच्या हातातलं निळं कमळ निवडलं होतं. तीही मागोमाग आली, कारण देठ कुठल्या दोन बोटांत धरलाय ते तिला आठवेना.

भिंतीचं तंत्रही तिथेच समजावलं. कातळावर मातीचा गिलावा, त्यात तूस आणि गवताचे तंतू. वर चुन्याचा पातळ हात. आणि सुक्या भिंतीवर डिंक-सरसासारख्या चिकट पदार्थात कालवलेले रंग. तांबडा आणि पिवळा गेरू, काजळी, पांढरी माती, हिरवी माती. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, दुरून आणलेला. गेल्या पंधरवड्यात ज्यांनी गेरू वाटून बोटं लाल केली होती त्यांना हे सांगावं लागलं नाही, ती मलाच विचारत होती की डिंक कुठल्या झाडाचा वापरला असेल.

शाळेत परतल्यावर आम्ही एक रीत ठरवून टाकली: बघ, झाक, काढ, अडलं की परत बघ. वस्तू रुमालाखाली झाकायची. विळा, सायकलची साखळी, पितळी गडू, काहीही. ही रीत पुढे सगळे महिने टिकली.

'जमत नाही' म्हणणारा

सगळी मुलं रेघेने बोलत नाहीत. शेवटच्या बाकावर एक जण होता, त्याने चीकही वापरला नाही, अजिंठ्याबाहेरही नुसता बसून राहिला. "सर, मला जमत नाही" एवढंच. त्याला केकी मूसांबद्दल सांगितलं. चाळीसगावला स्टेशनाजवळच्या बंगल्यात उभं आयुष्य काढलेले छायाचित्रकार, १९१२ ते १९८९. टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून ते अशी दृश्यं टिपत की बघणाऱ्याला खरा निसर्ग वाटावा. मुलाने वडिलांचा मोबाइल आणला. पोंग्याचे तुकडे, काळी माती, ओला कापूस आणि एक टॉर्च घेऊन दोन दुपारी तो प्रयोगशाळेच्या ओट्यावर खपला. फोटोत पहाटेची केळीबाग होती, धुक्यातली. सावली कुठे पडते आणि टॉर्च खाली नेला की ती किती लांबते, हे त्या वर्गात त्याच्याइतकं कुणाला कळलं नव्हतं. सप्टेंबरात स्थिरचित्राला छाया देताना बाकीची मुलं त्याला विचारायला जाऊ लागली. चित्र तो अजूनही काढत नाही. मला त्याचं आता काही वाटत नाही.

परीक्षा

सप्टेंबरचे तीन आठवडे मी पुन्हा जुन्या वाटेवर गेलो. हे लपवण्यात अर्थ नाही. एक पालक शाळेत आले, बागाईतदार, भला माणूस. म्हणाले, "राम राम सर. पोरगी घरी चिकाने काय काय काढते, चांगलं आहे. पण मार्क मिळतील ना?" मी म्हणालो, "भाऊ, बघायला शिकतेय ती." ते म्हणाले, "केयी तर आम्ही रोजच बघतो." केयी म्हणजे केळी.

अशा वेळी पूर्वी मी राम सुतारांचं नाव घ्यायचो. धुळ्याजवळच्या गोंदूरचा मुलगा, ज्याने सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा घडवला. पण ते उत्तर त्या माणसाच्या प्रश्नाचं नाही. त्याला मुलीला शिल्पकार करायचं नव्हतं, दहावीचे वाढीव गुण हवे होते, आणि ते मागण्याचा त्याला हक्क आहे. म्हणून पोस्टर रंगांचा सपाट हात, संकल्पचित्रातली पुनरावृत्ती, वेळेचं गणित, सगळं घासून घेतलं. फक्त स्मरणचित्राला मागचा देखावा बसवून दिला नाही. 'विषय वाच, डोळे मिट, तुझ्या गावातली अशी एक जागा आठव आणि ती कुठून बघतोयस ते ठरव,' एवढंच सांगितलं.

निकाल संमिश्र लागला. काहींना अ मिळाली, बऱ्याच जणांना ब, आणि ज्या दोघांकडून मला मोठी आशा होती त्यांना क. श्रेणी कळते, कारण कळत नाही, त्यामुळे नारळ सोडल्याने काय मिळालं की गेलं हे या निकालावरून मी सांगू शकत नाही. पुन्हा सराव घेईन का? घेईन. पण पुढच्या वर्षी तो जूनमध्ये सुरू करून थोडाथोडा पसरवीन, म्हणजे सप्टेंबर असा गुदमरणार नाही.

जानेवारीतलं प्रदर्शन

दिवाळीच्या सुट्टीनंतर जुलैचाच विषय पुन्हा दिला. शेतात काम करणारी माणसं. या वेळी कागदांवर ठिबकच्या नळ्या होत्या, ट्रॅक्टर होता, घड खांद्यावर घेतलेला माणूस मानेला एका बाजूला किती कलवतो ते होतं, बांधावर डबा खाणाऱ्या बाया होत्या. दोघांनी डोंगरामागे सूर्य काढला होता. दोघंही पूर्वेकडच्या वस्तीवरचे, त्यांना तो खरंच तसा दिसतो. पाड्यावरच्या मुलाने महू काढला. मी त्याला जुना कागद दाखवला, लाल पेनाच्या शेऱ्यासकट, आणि म्हणालो, "हे मी चुकीचं लिहिलं होतं." तो लाजला आणि कागद उलटा करून ठेवला.

स्नेहसंमेलनात व्हरांड्यात दोऱ्या बांधून चित्रं लावली. ते बागाईतदार पालक आले. मुलीने काढलेल्या घडापुढे उभे राहिले, बराच वेळ. मग मुलीला म्हणाले, "बोटं खाली लोंबतात का गं? घड खाली लोंबतो, केयं वर वयतात." तिने सगळी केळी खाली झुकलेली काढली होती आणि माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, माझ्याकडे बघितलं, मी मान डोलावली, तर कागदाच्या कडेला त्यांनी एक फणी काढून दाखवली. जाड, बोजड रेघेची, पण वळण अचूक. मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही कधी काढलंत?" ते म्हणाले, "आताच."

त्याच दोरीवर एक चित्र होतं, कापूस वेचणाऱ्या बाईचं. कमरेला बांधलेली ओटी कापसाने फुगलेली, त्या वजनाने पाठीला आलेला बाक, डोक्यावरून घेतलेला पदर, आणि पऱ्हाटीच्या काट्याकुट्यांनी ओरखडलेला हात पुढे केलेला. चिकाची रेघ, वर काळ्या मातीचा रंग. वर्षभरातलं मला सर्वांत आवडलेलं चित्र. ते मी मुद्दाम दारासमोर लावलं होतं. काढणाऱ्या मुलीची आई दुपारी आली, इस्त्रीची साडी नेसून. चित्र तिने लांबूनच ओळखलं. माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "सर, हे काढून ठेवा ना. सगळा गाव येतोय. माझं असं कशाला लावायचं?"

मी म्हणालो, "ताई, फार सुंदर काढलंय तिने." ती म्हणाली, "असंल. पण मला विचारलं नाही कोणी."

मी ते लगेच उतरवलं. एकोणीस वर्षांत ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. नारळाखालचा पागोटेवाला कुणाचाच कोणी नसतो, त्याला विचारायचा प्रश्न येत नाही. जे खरं बघून काढलं त्याला नाव असतं, गावात तोंड दाखवायचं असतं. फेब्रुवारीपासून वर्गात नवा नियम आहे: माणूस काढला तर त्याला आधी दाखवायचा, आणि तो नको म्हणाला तर भिंतीवर लावायचा नाही. काही मुलांना हा नियम जाचतो. त्यावर आमचा वाद अजून चालू आहे आणि दर जोडतासाला त्यातले दहा मिनिटं जातात.

ते चित्र मी मुलीला परत दिलं. पंधरा दिवसांनी विचारलं तर म्हणाली, आईने पेटीत, लग्नाच्या साडीखाली ठेवलंय. आणि सांगितलंय, ओटीची गाठ डाव्या अंगाला असते, पुढच्या खेपेला नीट बघून काढ.